एका वारेवरच्या दोघी

माझ्या धाकट्या बहिणीला २००४ साली जुळ्या मुली झाल्या. चौतिसाव्या आठवड्यात, सिझेरियन करून. एक २०५० ग्रॅमची आणि दुसरी १३०० ग्रॅमची. तेराशे ग्रॅमवाली तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिली. ती घरी आल्यावर भेटायला आलेल्या बायकांनी पाळण्यात डोकावून जे म्हटलं, ते पुढं वीस वर्षं त्या घरात टिकून राहिलं : "हिनं पोटातच हिचं सगळं खाल्लं की गं!" म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. गुटगुटीत बाळाचं कौतुकच करायचं होतं त्यांना. पण मोठीचं नाव 'ढब्बी' पडलं, लहानीचं 'बारकी', आणि शाळेत बारकी आजारी पडली की कुणी ना कुणी ढब्बीकडे बघून ते वाक्य पुन्हा म्हणायचं. खरं तर बारकी आधी जन्मली. कागदोपत्री थोरली तीच आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला सगळे जमलो असताना ढब्बीनं मला विचारलं, "मामा, तू एवढं काय काय वाचत असतोस. मी खरंच तिचं खाल्लं होतं का रे?" विचारताना ती हसत होती, पण विचारून झाल्यावर उत्तरासाठी थांबली. "छे, असं काही नसतं," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की असं काही असतं की नसतं हे मला माहीत नाही.

बहिणीनं जुनी फाइल काढून दिली. तिच्यात सोनोग्राफीचे चार रिपोर्ट, एक डिस्चार्ज कार्ड आणि थर्मल कागदावरच्या चार-सहा प्रतिमा होत्या. प्रतिमा आता पार उडून गेल्यात. चॉकलेटी कागदावर राखाडी धुकं तेवढं उरलंय. रिपोर्ट मात्र टाइप केलेले, स्वच्छ. मी डॉक्टर नाही. जे शिकलो ते वाचून, आणि एका ओळखीच्या सोनोलॉजिस्ट डॉक्टरांना वेळोवेळी छळून. त्यांनी न कंटाळता कागदाच्या पाठीवर आकृत्या काढून दिल्या. त्या चार रिपोर्टांत काय आहे आणि काय नाही, हे समजायला मला वर्ष लागलं.

आधी वजनाचं बघू, कारण सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. एकोणिसाव्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये एका गर्भाचं वजन २९० ग्रॅम आणि दुसऱ्याचं २४० ग्रॅम दिलंय. अठ्ठाविसाव्यात ११५० आणि ८५०. बत्तिसाव्यात १७५० आणि ११५०. जुळ्यांमधली तफावत काढायची रीत सोपी आहे : मोठ्यातून लहान वजा करायचं आणि आलेल्या फरकाला मोठ्या वजनानं भागायचं. त्या हिशेबानं एकोणिसाव्या आठवड्यात तफावत १७ टक्के होती, अठ्ठाविसाव्यात २६, बत्तिसाव्यात ३४ आणि जन्माच्या वेळी ३७. डॉक्टर मंडळी साधारण २० टक्क्यांना सावध होतात आणि २५ टक्क्यांना गंभीर मानतात. म्हणजे रेघ अठ्ठाविसाव्या आठवड्यातच ओलांडली गेली होती.

पण पोटातल्या बाळाचं वजन करतं कोण? मशीन तर वजन करत नाही. मला वाटतं, हे आपल्यातल्या बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. रिपोर्टवर ग्रॅममध्ये आकडा छापलेला असतो आणि आपण तो किराणा दुकानातल्या काट्यासारखा वाचतो.

या मशीनचं मूळ ग्लासगोत आहे, जहाजबांधणीच्या गावात. धातूच्या जोडात आतून तडा गेलाय का, हे ध्वनिलहरी सोडून आणि त्यांचा परतलेला प्रतिध्वनी मोजून तपासायचं यंत्र तिथल्या कारखान्यांत वापरलं जायचं. इयन डोनाल्ड नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक १९५५च्या जुलैत शस्त्रक्रियेनं काढलेल्या गाठी मोटारीतून घेऊन जवळच्या बॉयलरच्या कारखान्यात गेले. तुलनेला कारखान्यानं मांसाचा एक मोठा तुकडा ठेवला होता. भरीव गाठ आणि पाण्यानं भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्या दिवशी दिसलं. टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर यांच्यासोबत डोनाल्ड यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये जो निबंध छापला, तिथून पोटातलं बाळ दिसू लागलं.

दिसू लागलं, पण मोजायचं काय? आधी डोकं मोजलं गेलं, कारण कवटीचं हाड ठळक उमटतं. डोक्याच्या दोन बाजूंमधलं अंतर मोजून बाळाचं वय आणि वाढ ठरवायची पद्धत स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस पक्की केली. मात्र उपाशी बाळ ओळखायला डोकं कामाचं नाही. पुरवठा कमी पडला, की बाळाचं शरीर रक्त आधी मेंदूकडे वळवतं. डोकं वाढत राहतं, आणि झळ पोटाला बसते. गर्भाच्या पोटात सगळ्यात मोठा अवयव यकृत. साखरेचा साठा तिथं होतो. पुरवठा आटला की साठा आटतो, यकृत लहान राहतं आणि पोटाचा घेर कमी भरतो. म्हणून १९७५ साली कॅम्पबेल यांनी सहकाऱ्यासह पोटाच्या घेरावरून वजनाचा अंदाज मांडला. दहा वर्षांनी अमेरिकेत फ्रँक हॅडलॉक यांनी डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांची मापं एकत्र बसवून सूत्रं दिली. आज तुमच्या-माझ्या गावातल्या मशीनमध्येही बहुधा तीच सूत्रं भरलेली असतात. सोनोलॉजिस्ट पडद्यावर रेघा आखतो, मशीन त्या सूत्रात घालून ग्रॅम छापतं. माझ्या बहिणीच्या बत्तिसाव्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये हा हिशेब उघडा दिसतो : लहान गर्भाचं डोकं अपेक्षेपेक्षा दोन आठवड्यांनी मागे आहे आणि पोट चार आठवड्यांनी. वजनाच्या आकड्यापेक्षा मला हे दोन आकडे अधिक बोलके वाटले. बाळ नुसतं लहान चणीचं असतं तर सगळंच सारखं मागे राहिलं असतं. इथं बाळ डोकं वाचवत होतं.

अंदाज म्हटला की चूक आली. चांगल्या हातांतही वजन दहा टक्के इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे, पंधरा टक्केही नवलाचं नाही. एकाच बाळाच्या बाबतीत हे खपून जातं. जुळ्यांत मात्र दोन अंदाजांची वजाबाकी करायची असते, आणि वजाबाकीत चुका एकमेकींवर चढतात. समजा, दोन्ही बाळं बरोबर पंधराशे ग्रॅमची आहेत. एकाचं माप आठ टक्के जास्त आलं, १६२०. दुसऱ्याचं आठ टक्के कमी, १३८०. झाली १५ टक्के तफावत, जी मुळात नाहीच. आता उलट करू. एक बाळ १६०० ग्रॅमचं, दुसरं १२००. खरी तफावत २५ टक्के. मोठ्याचं माप आठ टक्के कमी आणि लहानाचं आठ टक्के जास्त आलं, तर कागदावर उरते फक्त १२ टक्के. आईबाप पेढे वाटत घरी. म्हणून एकट्या आकड्यावर कुणी जाणता डॉक्टर विसंबत नाही. दर दोन आठवड्यांनी मापं घेऊन फरक रुंदावतोय का, हे बघावं लागतं.

आणि त्यासाठी कोणतं बाळ कोणतं, हे ठाऊक असावं लागतं! हे वाचून हसू येईल, पण फाइल पुढ्यात घेऊन मी याच ठिकाणी आठवडाभर अडकलो होतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात 'ट्विन ए' ११५० ग्रॅम, 'ट्विन बी' ८५०. बत्तिसाव्यात 'ट्विन ए' ११५० आणि 'ट्विन बी' १७५०. नावाप्रमाणे वाचलं तर चार आठवड्यांत 'ए' एका ग्रॅमनंही वाढला नाही आणि 'बी' दुपटीच्याही पुढं गेला. असं होणं अशक्य. झालं होतं ते एवढंच, की दोन रिपोर्ट दोन गावांतल्या दोन डॉक्टरांचे होते, प्रत्येकानं आपल्याला गर्भाशयाच्या मुखाजवळ दिसलेल्या बाळाला 'ए' म्हटलं, आणि मधल्या काळात मुलींनी जागा बदलल्या होत्या. पहिल्या तपासणीतच प्रत्येकाची खूण लिहून ठेवावी, नाळ वारेला कुठं चिकटलीय, पडद्याच्या कोणत्या बाजूला कोण आहे, म्हणजे पुढच्याला ओळख पटते, असं आता सांगतात. या रिपोर्टांत तशी खूण नाही. अक्षरं अदलाबदल करून वाचली तेव्हा कुठं मला त्या दोघी दिसल्या : एक ११५० वरून १७५० वर गेलेली, दुसरी ८५० वरून ११५० वर. चार आठवड्यांत एकीनं सहाशे ग्रॅम कमावले, दुसरीनं तीनशे.

इथवर येऊनही ढब्बीच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. एक गोष्ट मात्र कळली होती. दोघींची आई एकच आणि तिनं खाल्लेलं अन्नही एकच, त्यामुळं 'बाळंतिणीनं नीट खाल्लं नाही' हा जो दुसरा ठपका माझ्या बहिणीवर होता, तो तरी या फरकाचं कारण होऊ शकत नव्हता. आईच्या खाण्यानं दोन्ही मुली लहान राहिल्या असत्या. एक चांगली भरलेली आणि एक वाळलेली, असं तिच्या ताटामुळं होणार नाही. कारण मधे कुठंतरी होतं. आई आणि बाळ यांच्या मधे असते वार.

सोनोलॉजिस्ट डॉक्टरांना मी चारही रिपोर्ट दाखवले, तेव्हा त्यांनी वजनांकडे बघितलंच नाही. नवव्या आठवड्याचा पहिला रिपोर्ट घेऊन त्यांनी तो दोनदा वाचला. "दोन गर्भ, दोघांचे ठोके नियमित, वय अमुक आठवडे." मग म्हणाले, "वार एक की दोन, ते लिहिलेलंच नाही." बाकीच्या तीन रिपोर्टांतही नव्हतं.

जुळी दोन तऱ्हांची असतात, हे शाळेत शिकवतात : दोन बीजांची आणि एका बीजाची. दोन बीजांची म्हणजे एकाच वेळी पोटात असलेली सख्खी भावंडंच. त्यांच्या वारा वेगळ्या असतात, फार तर शेजारी शेजारी चिकटतात. एका बीजाच्या जुळ्यांत मात्र, बीज केव्हा दुभंगलं त्यावर पुढचं सगळं ठरतं. पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर दोघांना दोन वारा. चौथ्या ते आठव्या दिवसांत दुभंगलं तर वार एकच आणि पाण्याच्या पिशव्या दोन. त्याहून उशीर झाला तर पिशवीही एकच. एका बीजाच्या जुळ्यांपैकी साधारण दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश जोड्या एकाच वारेवर वाढतात. त्यामुळं चेहरे सारखे असले तरी वार एकच असेल असं नाही, आणि डॉक्टरच्या दृष्टीनं चेहऱ्यांना काही महत्त्वही नाही. महत्त्व वारेला आहे.

आणि ते लवकर बघितलं तरच नीट दिसतं. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथं टेकतो ती जागा अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत बघायची. दोन वारा असतील तर पडद्याच्या थरांमध्ये वारेचा एक त्रिकोणी कोंब घुसलेला दिसतो. ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा, म्हणून त्याला लॅम्डा खूण म्हणतात. वार एक असेल तर पडदा फक्त दोन पातळ थरांचा असतो आणि वारेवर सरळ काटकोनात उतरतो, इंग्रजी टी अक्षरासारखा. पुढं पुढं तो कोंब विरत जातो, बाळं वाढून जागा कोंदट होते, आणि विसाव्या आठवड्यानंतर अनुभवी डोळाही खात्री देईनासा होतो. लॅम्डा खुणेचं वर्णन १९८१ साली छापलं गेलं होतं. माझ्या बहिणीची सोनोग्राफी त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांनी झाली. मी कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. दुपारभरात तीस-चाळीस बायका तपासणाऱ्या डॉक्टरला 'ठोके दोन, सगळं ठीक' यापुढं जायला उसंत नसते, हेही मला कळतं. पण एक ओळ राहिली आणि तिच्यासोबत बाकीचं सगळं घसरलं. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासायचं, असं आताची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दोन असतील तर चार आठवड्यांनी चालतं. त्या हिशेबानं सोळा ते बत्तीस आठवड्यांत नऊ तपासण्या व्हायला हव्या होत्या. झाल्या तीन, आणि त्यातल्या दोहोंमध्ये नऊ आठवड्यांचं अंतर.

आपल्याकडे या ओळीला एक जास्तीचं महत्त्व आहे. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं, की एक मुलगा आणि एक मुलगी दिसली तर वारा दोन, काळजी नको. आपल्याकडे ही वाट आईबापांपुरती बंद आहे, आणि ती बंदच असायला हवी. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वात आधी महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा आणि तो अधिक कडक झाला २००३ मध्ये. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी 'फॉर्म एफ' भरावा लागतो आणि लिंग ना लिहायचं, ना बोलायचं, ना खुणेनं सांगायचं. मग वारेबद्दल कळायचा मार्ग आईला उरतो तो रिपोर्टमधली ती ओळच. जुळं आहे असं कळल्यावर घरात पहिला प्रश्न काय येतो, ते आपण सगळे जाणतो. तो विचारण्याऐवजी 'वार एक का दोन?' एवढं विचारलं तर डॉक्टर आनंदानं उत्तर देतील आणि कायदाही आड येणार नाही.

मग ढब्बी-बारकीची वार एक होती की दोन? डिस्चार्ज कार्डावर नाही. वार तर त्याच रात्री टाकून दिली गेली. उत्तर मिळालं ते माझ्या आईकडून, आणि तेही सहज. मी फाइल घेऊन बसलेला बघून ती म्हणाली, "अरे, त्या आयाबाईनं तेव्हाच सांगितलं होतं की. बाहेर येऊन म्हणाली, आजी, एकाच वारेवरच्या हायेत दोघी, दोन नाळा न् एक वार." वीस वर्षं ते आईच्या डोक्यात होतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. पूर्वी सुईणी वार निरखून बघायच्या, पुरी पडली की नाही याची खात्री करून मगच पुरायला द्यायच्या. ती बघायची सवय त्या आयाबाईत उरली होती, लिहायची पद्धत मात्र कुणातच नव्हती.

एक वार म्हणजे काय, हे शेतकरी वाचकांना लगेच कळेल. सामाईक विहीर. सातबारावर हिस्सा लिहिलेला असतो, अमक्याचे बारा आणे, तमक्याचे चार आणे. वारेत हा हिस्सा कुणी ठरवत नाही. नाळ कुठं रुजली त्यावर तो पडतो. एकीची नाळ वारेच्या मधोमध रुजली, तर भोवतालचा मोठा भाग तिला मिळतो. दुसरीची कडेला, किंवा वारेच्या बाहेर नुसत्या पडद्यावर रुजली आणि तिथून शिरा उघड्याच वारेपर्यंत सरपटत गेल्या, तर तिच्या वाट्याला चतकोर येतो. हे सगळं पहिल्या काही आठवड्यांतच ठरून जातं, दोघींना हातपाय फुटायच्याही आधी. कुणी कुणाचं खाण्याचा प्रश्नच येत नाही. वाटणी आधी झाली, जेवण नंतर.

इथवर आलो तेव्हाच मी ढब्बीला फोन करून 'तुझा काही संबंध नाही' असं सांगून टाकणार होतो. बरं झालं नाही केला. कारण विहिरीची उपमा इथं अपुरी पडते. दोन हिश्शांच्या मधे बांध नसतो.

जर्मनीत रोस्टॉकला फ्रिडरिश शाट्झ नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत त्यांनी जुळ्यांच्या वारा तपासून वर्षानुवर्षं लिहिलं. एका बाळाचं स्वतःचं रक्ताभिसरण, दुसऱ्याचं स्वतःचं, आणि वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या जिथं एकमेकींना जोडलेल्या असतात तिथलं तिसरं, असं त्यांनी मांडलं. हे तिसरं अभिसरण जवळजवळ प्रत्येक सामाईक वारेत असतं. म्हणजे त्या दोघींचं रक्त सगळे महिने एकमेकींत जात-येत होतं.

हे जाणं-येणं समतोल असेल तर काही बिघडत नाही. ते एकतर्फी झालं तर एक वेगळाच आजार होतो. एक बाळ देत राहतं, त्याची लघवी कमी होते आणि पाणी आटतं. दुसरं घेत राहतं, त्याचं पाणी वाढतं आणि जास्तीच्या रक्तानं त्याचं हृदय दमतं. घेणाराही मरतो, हे ध्यानात ठेवायला हवं. एकाच वारेवरच्या दर शंभर जोड्यांत दहा-पंधरा जोड्यांना हा आजार होतो आणि सोनोग्राफीत तो वजनावरून नव्हे, पाण्यावरून ओळखतात : एकीकडे पाण्याची खोली दोन सेंटिमीटरच्या आत, दुसरीकडे आठच्या वर. त्यावर दुर्बिणीतून लेसरनं त्या जोडवाहिन्या बंद करतात. २००४ सालीच युरोपातल्या मोठ्या चाचणीनं या उपचाराची सरशी दाखवली. बहिणीच्या सगळ्या रिपोर्टांत दोन्हीकडचं पाणी पुरेसं आहे. तेव्हा ढब्बी-बारकीचं ते दुखणं नव्हतं. त्यांचं दुखणं वाटणीचं.

अशा वाटणीच्या दुखण्यात बारकीसारख्या बाळाचं काय चाललंय, हे डॉप्लरनं बघतात. बाळाचं हृदय ठोका देतं आणि रक्त नाळेतून वारेकडे जातं. वार ऐसपैस असेल तर दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही ते वाहत राहतं. वारेतला वाटा तोकडा असेल तर विसाव्यात प्रवाह खुंटतो, आणि फारच तोकडा असेल तर मागे फिरतो. बार्सिलोनाच्या एडवर्ड ग्रॅटाकोस यांनी २००७ साली यावरून तीन गट पाडले. प्रवाह चालू आहे तो पहिला, आणि त्यात बहुतेक बाळं तगतात. प्रवाह कायम खुंटलेला किंवा उलटा, तो दुसरा. त्यात ढासळणं ठरलेलं, पण निदान दिसत दिसत होतं. तिसऱ्या गटात प्रवाह मधेच चालतो, मधेच खुंटतो, मधेच उलटा फिरतो. हा सगळ्यात फसवा. बाळ ठीक दिसता दिसता अचानक दगावतं. बहिणीच्या बत्तिसाव्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, की लहान गर्भाचा प्रवाह कमी आहे, पण चालू आहे. म्हणजे पहिला गट. ते वाचल्यावर मी उठून गॅलरीत जाऊन आलो.

कारण तोवर मी पुढचं वाचलेलं होतं. एका वारेवरच्या जुळ्यांतलं एक पोटात दगावलं, तर दुसऱ्याच्या अंगातलं रक्त त्या जोडवाहिन्यांतून काही मिनिटांत दगावलेल्याकडे ओतलं जाऊ शकतं. दुसरंही जाण्याची शक्यता साधारण १५ टक्के, आणि वाचलं तर मेंदूला इजा होण्याची साधारण २५ टक्के. वारा दोन असत्या तर हे आकडे तीन आणि दोन टक्क्यांच्या आसपास राहिले असते. त्या नऊ आठवड्यांत आणि नंतरच्या चार आठवड्यांत कुणी बघत नसताना, बारकीच्या हृदयावर ढब्बीचाही जीव टांगलेला होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. वारेतला वाटा इतका कमी असताना बारकी तगली कशी? तफावतीच्या वारा तपासणाऱ्यांना हा प्रश्न पडलाच होता. काही वारांत लहान बाळाचा वाटा इतका चिमुकला असायचा, की त्यावर ते बाळ तेवढंही वाढायला नको होतं. अशा वारांत जोडवाहिन्या मोठ्या आणि भरपूर आढळल्या. मोठ्या बाळाकडचं प्राणवायू आणि अन्न घेतलेलं रक्त त्यांतून लहान बाळाकडे येत होतं. वाटणी जितकी विषम, तितका त्या वाहिन्यांचा आधार जास्त. म्हणूनच निव्वळ तफावतीच्या जोडीत लेसरनं वाहिन्या तोडताना डॉक्टर दहादा विचार करतात; तोडल्या तर मोठं बाळ सुरक्षित होतं, पण लहानाचा आधार जातो.

ढब्बीला मी हे समोर बसवून सांगितलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्यांच्या वारेतल्या वाहिन्या कुणी मोजल्या नाहीत आणि आता मोजता येणार नाहीत, हेही सांगितलं. पण वार एक होती, म्हणजे वाहिन्या होत्या, आणि रक्त जात-येत होतं. खाण्याचा हिशेबच मांडायचा झाला, तर तो बहुधा उलट्या बाजूनं मांडावा लागेल.

ती बराच वेळ डॉक्टरांनी काढलेली आकृती बघत राहिली. मग तिनं बारकीला व्हिडिओ कॉल लावला, कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि मी जे अर्ध्या तासात सांगितलं होतं ते दोन मिनिटांत सांगितलं. पलीकडे बारकी ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडून बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे देणं माझ्याकडं निघतं तर," आणि पुढं विचारलं, "आईला सांगितलंस का?"

बहीण आत चहा करत होती. तिला अजून सांगायचं होतं.